पट्टी दुमडून, धारेला पोलाद घालून कुऱ्हाड घडवताना

जुन्या लोहारकामातली कुऱ्हाड एकाच जातीच्या लोखंडाची नसते. अंग मऊ लोखंडाचं आणि धारेपुरतं पोलाद, अशी ती घडवत. कारण साधं होतं: पोलाद महाग, लोखंड त्यामानाने स्वस्त. पण या काटकसरीतून निघालेलं हत्यार काही बाबतींत सरसच ठरतं. दांड्याकडचा मागचा भाग मऊ राहिल्यामुळे हादरे सोसतो, तडकत नाही. धार मात्र कडक राहते. आणि पोलाद झिजून संपलं की तेवढंच बदलता येतं, अख्खी कुऱ्हाड टाकावी लागत नाही.

आज रस्त्याकडेच्या पालावर किंवा आठवडी बाजारात मिळणारी बहुतेक कुऱ्हाड ट्रकच्या कमान-पाट्याची, एकसंध असते. ती वाईट असते असं नाही. तिची रीतही पुढे थोडक्यात दिली आहे. मुख्य वर्णन मात्र पट्टी दुमडून, नेढं गुंडाळून, मध्ये पोलाद सांधायच्या पद्धतीचं आहे. तयार कुऱ्हाडीचं वजन साधारण १.२ किलो, तुंब्यापासून धारेपर्यंत लांबी १७ ते १८ सेंमी आणि धारेची रुंदी ९ ते १० सेंमी धरली आहे.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. तुंबा म्हणजे दांडा बसतो तो मागचा जाड भाग. नेढं म्हणजे त्यातलं भोक. पातं म्हणजे नेढ्यापासून धारेपर्यंतचा पसरट भाग. ताव म्हणजे एकदा भट्टीत घालून लाल करून काढलेल्या लोखंडावर ते निवेपर्यंत होणारं काम.

पहिलंच काम म्हणून कुऱ्हाड घेऊ नका. दोन-चार छिन्न्या, एखादं खुरपं झालेलं असावं आणि १२ मिमी पट्टीचे दोन तुकडे भट्टीत सांधून, मग छिन्नीने फोडून, सांधा खरंच धरला होता का हे पाहिलेलं असावं. कुऱ्हाडीत दोनच जागा खऱ्या अवघड आहेत, सांधा आणि पाणी (म्हणजे धार तापवून, पाण्यात बुडवून कडक करणं), आणि दोन्हीकडे हातोड्यापेक्षा भट्टी ओळखण्याला जास्त किंमत आहे.

लोखंड आणि पोलाद

अंगासाठी साध्या मऊ लोखंडाची (माइल्ड स्टील) पट्टी घ्या: रुंदी ५० मिमी, जाडी १२ मिमी, लांबी २६ सेंमी. तिचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं. सांध्याच्या तावात लोखंड जळतं, खपली होऊन गळतं. एकूण मालाच्या दहा ते पंधरा टक्के घट धरूनच ही लांबी सांगितली आहे. जस्त चढवलेली पट्टी, पाइप किंवा पत्रा भट्टीत अजिबात घालू नका. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

धारेसाठी सगळ्यात सोयीची जुनी कानस. चौदा इंची चपटी कानस साधारण ३५ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड असते. तिचा ९ सेंमी तुकडा पुरतो. पण सगळ्या कानशी आतून पोलादी नसतात. काही स्वस्त कानशींना वरवर कडकपणा दिलेला असतो आणि पोट मऊच असतं. कोपरा मोडून पाहा: चांगली कानस काचेसारखी तडकन मोडते आणि मोडलेल्या जागी आरपार एकसारखा, बारीक, राखाडी कण दिसतो. कडेला बारीक आणि मध्ये वेगळा कण दिसला तर ती कुऱ्हाडीच्या कामाची नाही. ग्राइंडरवर ठिणगीही बोलते. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, विरळ जातात. पोलादाच्या जवळच फुटतात आणि फुलबाजीसारखी दाटी करतात.

कमान-पाटा धारेला सांधायच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये. बऱ्याच पाट्यांत सिलिकॉनचं प्रमाण जास्त असतं, काहींत क्रोमियम असतं. तापल्यावर त्यांच्यावर जी खपली येते ती टाकणखारातही (सांधताना खपली वितळवायला घालतात तो बोरॅक्स) लवकर विरघळत नाही आणि सांधा वरून धरल्यासारखा दिसून आतून सुटा राहतो. पाट्याची कुऱ्हाड करायची तर एकसंध करावी.

रेल्वेचा रूळ, फिशप्लेट, रुळाच्या क्लिपा भंगारात स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. बिलाशिवाय असा माल जवळ सापडणं हाच १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. बंद नळीसारखा कुठलाही भाग, उदाहरणार्थ गाडीचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, न कापता भट्टीत गेला तर बाँबसारखा फुटतो.

भट्टी, ऐरण, माणसं

सांध्याच्या कामाला लाकडी कोळसा सर्वांत निर्धोक. बाभळीचा किंवा खैराचा, अंड्याएवढे तुकडे करून, चाळून, भुकटी काढून घेतलेला. दगडी कोळसा चालतो, पण त्यातलं गंधक सांध्याचा वैरी आहे. तो वापरायचा तर आधी धूर पूर्ण जाऊन त्याचा कोक होईपर्यंत जाळावा. भट्टीच्या तळाला साचणारा काचेसारखा खंगर दर दोन-तीन तावांनी काढा. खंगर लोखंडाला चिकटला की सांध्यात घाण गेलीच.

विस्तव खोल हवा. भात्याची किंवा पंख्याची हवा जिथे शिरते तिथून लोखंडापर्यंत निदान १५ सेंमी जळता कोळसा पाहिजे आणि लोखंडावर पुन्हा ७-८ सेंमी. हवेच्या तोंडाजवळच लोखंड ठेवलं तर न जळलेली हवा थेट त्याच्यावर येते, खपली वाढते आणि ते तापण्याआधी खायला लागतं. नवशिक्यांचे सांधे न धरण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. ते हातोड्याला दोष देतात.

ऐरण छोटी चौकोनी असली तरी चालेल. मात्र ती बाभळीच्या जाड ओंडक्यात घट्ट ठोकलेली आणि ओंडका दीड-दोन फूट जमिनीत पुरलेला असावा. हलणारी ऐरण निम्मा घाव खाते. हातोडा १.२५ ते १.५ किलोचा, घण ४ ते ५ किलोचा. दोन सांडस लागतात: एक चपट्या तोंडाचा, पट्टीसाठी, आणि एक कमानदार तोंडाचा, तुंबा धरायला. शिवाय रुंद छिन्नी, तारेचा ब्रश आणि नेढ्याचा सुंबा, म्हणजे नेढ्याला आकार द्यायला त्यात ठोकायचा लोखंडी दांडा.

हा सुंबा आधीच घडवून ठेवा. लांबी २० सेंमी, आडवा छेद लंबगोल, सगळ्यात जाड जागी ४५ × २५ मिमी, तिथून खालच्या टोकाकडे हळूहळू निमुळता. पृष्ठभाग कानशीने गुळगुळीत केलेला असावा. खडबडीत सुंबा नेढ्यात अडकतो आणि काढताना नेढ्याचा आकार घेऊन जातो.

काम दोघांचं आहे. घिसाड्यांच्या पालावर पाहिलंत तर घण बहुतेक वेळा बाई चालवते आणि सांडस-हातोडा पुरुषाच्या हातात असतो. दोघं बोलत नाहीत. लहान हातोडा जिथे टिचकी मारतो तिथेच, तितक्याच तिरक्या कोनात घण पडतो. हातोडा लोखंड सोडून ऐरणीवर वाजला की घण थांबतो. ही खूण कामाला बसण्याआधी निवलेल्या लोखंडावर दहा-वीस वेळा घटवून घ्या, कारण सांध्याच्या तावात तोंडाने सांगायला वेळ नसतो.

अंगात सुती कपडे, पायांत बंद बूट, डोळ्यांना चष्मा. टाकणखार उडतो तो वितळलेल्या काचेचा थेंबच असतो. टेरिकॉटचा सदरा त्याने त्वचेला चिकटतो.

रंग

रंग सावलीत पाहावा. दुपारच्या उन्हात लाल लोखंड काळंच दिसतं आणि माणूस ते जास्त तापवत राहतो. गुंजेसारखा गडद लाल म्हणजे ७०० ते ७५० अंश सेल्सिअस. पळसफुलासारखा केशरी म्हणजे ९०० ते १०००. हा घडाईचा खालचा टप्पा. हळदीसारखा पिवळा, ११०० च्या आसपास, ही मऊ लोखंड ताणायची खरी वेळ. पांढुरक्या पिवळ्याला, १२५० च्या वर, सांधा बसतो. त्याच्याही पुढे लोखंडातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या की ते जळायला लागलं.

लाली पूर्ण गेल्यावर मारत राहू नका. २०० ते ३५० अंशांच्या दरम्यान, म्हणजे उजळ लोखंडावर निळसर झाक येते त्या उष्णतेत, मऊ लोखंडसुद्धा ठिसूळ वागतं आणि कडेला बारीक चिरा पडतात. त्या चिरा त्या वेळी दिसत नाहीत. पुढच्या तावात उघडतात.

मधला भाग पातळ करणे आणि दुमडणे

पट्टीच्या बरोबर मध्यावर खूण करा आणि दोन्ही बाजूंना साडेपाच सेंमीवर आणखी दोन खुणा. हे मधले ११ सेंमी नेढं गुंडाळायला. दोन्ही टोकांना साडेसात सेंमीचे पाय उरतात. ते पात्यात जाणार.

मधला भाग पिवळा करून १२ मिमीवरून ९ मिमीवर आणा. तो लांबून १४ सेंमीच्या आसपास जातो. रुंदी वाढू लागली की पट्टी कडेवर उभी करून हलक्या घावांनी परत ५० मिमीवर घ्या. जाड आणि पातळ भाग जिथे मिळतात तिथे पायरी नको, उतार हवा. पायरी राहिली तर दुमडताना नेमकी तिथेच चीर जाते, कारण सगळा वाक एका रेषेत गोळा होतो.

याच वेळी दोन्ही पायांची आतली बाजू सपाट न ठेवता अगदी किंचित फुगीर करा, मध्यभागी मिलिमीटरभर उंच. सांधताना आधी मध्य टेकला पाहिजे आणि वितळलेला टाकणखार कडेने बाहेर पळाला पाहिजे. आतली बाजू खोलगट राहिली तर टाकणखार आणि खपली आतच कोंडते. बाहेरून अंगठ्याने चाचपून कळणार नाही असा हा बाक आहे, पण नीट धरलेल्या आणि सुट्या राहिलेल्या सांध्यातला फरक बऱ्याचदा एवढाच असतो.

आता मध्य केशरी करा, ऐरणीच्या गोल कडेवर किंवा जमिनीत रोवलेल्या ३० मिमी सळईवर इंग्रजी यू आकारात वाकवा, सुंबा मध्ये धरा आणि पाय एकमेकांकडे दाबत आणा. सुंब्यापुढे दोन्ही पाय २ सेंमीपर्यंत एकमेकांना टेकले पाहिजेत. पुढची टोकं मात्र १५-२० मिमी उघडी ठेवा. कडा जुळतात का पाहा. एक पाय दुसऱ्यापेक्षा ३ मिमी वर-खाली असेल तर तो आत्ताच सरळ करा. सांधल्यानंतर तो तिरपेपणा नेढ्यात उतरतो आणि कुऱ्हाड कायमची वाकड्या मानेची होते.

पहिला सांधा

टाकणखार आधीच भाजून घ्या. लोखंडी तव्यावर तापवला की तो तुरटीसारखा फुगतो, त्याची लाही होते. ती कुटून डब्यात ठेवा. कच्चा टाकणखार थेट घातला तर लोखंडावर फुगून घसरतो आणि निम्मा विस्तवात जातो. एका कुऱ्हाडीला ७०-८० ग्रॅम पुरतो. टाकणखार नसेल तर नदीची बारीक, धुतलेली, कोरडी वाळू. ती लोखंडाच्या खपलीशी मिळून काचेसारखी पातळ होते, पण पांढऱ्या तावालाच. म्हणून मऊ लोखंड मऊ लोखंडाला सांधताना वाळू चालते. पोलादाला नाही, कारण वाळू वितळेपर्यंत पोलाद जळतं.

पहिला सांधा फक्त नेढ्याच्या पुढच्या दोन सेंमीचा. गुंजेच्या लालीला बाहेर काढून ब्रशने आतली खपली झाडा, फटीत टाकणखार सोडा, परत विस्तवात. हवा मध्यम. घाई करून जोरात भाता मारला तर बाहेरची कातडी पांढरी होते आणि आतली बाजू केशरीच राहते. पिवळं झाल्यावर हवा कमी करून मिनिटभर मुरू द्या, मग पुन्हा वाढवा. टाकणखार पृष्ठभागावर तुपासारखा पातळ होऊन सरकू लागतो, लोखंड ओलं दिसतं, आणि विस्तवातून एखाद-दुसरी ठिणगी वर येते. ती वेळ.

बाहेर काढताना एक झटका देऊन चिकटलेला कोळसा झाडा आणि ऐरणीवर ठेवा. ऐरण थंडगार असेल तर ती ताव गिळते. सांध्याआधी एखादा लाल तुकडा ठेवून ती कोमट करून घ्या. पहिले घाव मध्यम, झपाझप, नेढ्याकडून पुढे. तीन-चार सेकंदांत सहा-सात घाव बसले पाहिजेत. मोठा घणाचा घाव पहिल्याच फटक्यात घातला तर पाय एकमेकांवरून घसरतात. सांधा धरला की आवाज बदलतो: आधी दोन पट्ट्या आपटल्यासारखा भदभद येतो, मग एकाच घट्ट तुकड्यावर मारल्यासारखा. त्यानंतर लगेच दुसरा ताव, पुन्हा टाकणखार, पुन्हा तीच जागा. एका तावावर सांध्याचा भरवसा ठेवू नये.

या सगळ्यात सुंबा नेढ्यात ठेवून सांधायचा नाही, तो तापून अडकतो. सांधा झाल्यावर केशरी तावाला सुंबा एकदा घालून नेढं पूर्ववत गोल करा.

पोलाद बसवणे

कानशीचे दात आधी ग्राइंडरने किंवा दगडावर पूर्ण घासून काढा. दातांच्या खाचांत खपली राहते. मग तो ९ सेंमीचा तुकडा केशरी तावाला ठोकून ५० मिमी रुंद, ७ मिमी जाड, ७ सेंमी लांब करा आणि त्याची मागची ३ सेंमी पाचरीसारखी २ मिमीपर्यंत उतरवा. पोलादाला पिवळ्याच्या पुढे नेऊ नका आणि गडद लालीच्या खाली मारू नका. खाली मारलेली कानस तुमच्या डोळ्यांसमोर दुभंगते.

आता पाचरीच्या दोन्ही बाजूंवर छिन्नीने तिरप्या खाचा देऊन चार-पाच काटे उभे करा, माशाच्या खवल्यांसारखे, मागे वळलेले. पाय केशरी करा, उघड्या तोंडात पोलाद थंडच ठोकून बसवा आणि पाय त्याच्यावर दाबा. काटे मऊ लोखंडात रुततात आणि पोलाद विस्तवात निसटत नाही. हे काटे नसले तर भट्टीतून काढताना पोलाद कोळशात राहतं आणि हातात नुसतीच कुऱ्हाड येते.

पोलादाचा साडेतीन-चार सेंमी भाग बाहेर दिसायला हवा.

दोन जातींचं लोखंड एका तावात सांधायचं असतं ते इथे. मऊ लोखंडाला जास्त उष्णता हवी, पोलाद त्याच्या आधी जळतं. म्हणून बाहेर डोकावणारं पोलाद विस्तवाच्या काळजात नको. काळजात ठेवायचे ते दोन्ही पाय, पोलाद त्यांच्या पुढे, जरा कमी जळत्या कोळशात. काम दर थोड्या वेळाने उलटवत राहा. टाकणखार सढळ, सांध्याच्या दोन्ही तोंडांत आणि बाहेरच्या पोलादावरही, म्हणजे त्याला हवा लागणार नाही. पाय पांढुरके पिवळे आणि पोलाद हळदी पिवळं, ही जोडी जमली की बाहेर काढा.

घाव मध्यापासून कडांकडे. एका बाजूला तीन, उलटवून दुसऱ्या बाजूला तीन. मग पुन्हा ताव. तिसऱ्या तावाला कडा घ्या. कडा सगळ्यात लवकर निवतात आणि तिथेच सांधा उघडा राहतो. पोलादातून ठिणग्यांचा झोत निघाला असेल तर तो भाग मेला. ठोकलं की ओल्या वाळूसारखा भुगा पडतो. त्यावर उपाय नाही. जळलेला भाग छिन्नीने तोडा, उरलेलं पोलाद साडेतीन सेंमीपेक्षा कमी राहिलं तर नवा तुकडा बसवा.

सांधा पारखायला दोन गोष्टी करा. कुऱ्हाड गडद लाल करून सावलीत निवू द्या आणि कडेकडे पाहा. सुटी जागा असेल तर तिथे काळी रेघ किंवा डाग आधी उमटतो, कारण वरची पातळ कातडी आतल्या लोखंडापासून तुटलेली असते आणि आधी निवते. पूर्ण निवल्यावर नेढ्यातून तार घालून टांगा आणि हातोड्याने टिचकी मारा. नाद घंटीसारखा लांबला पाहिजे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर पुन्हा टाकणखार, पुन्हा ताव.

पातं आणि नेढं

पुढची घडाई आता सरळ आहे. पातं पिवळ्या तावाला पसरवत न्या. रुंदी वाढवायला हातोड्याची आडवी चोच लांबीच्या दिशेने धरून मारावी, लांबी वाढवायला रुंदीच्या दिशेने. नेढ्यापुढे २२ मिमी जाडी ठेवून धारेपर्यंत उतार द्या. धारेला या वेळी २ मिमीपेक्षा पातळ करू नका. पातळ धार पाण्यात वेडीवाकडी होते किंवा तडकते.

गाल सपाट पाडू नयेत. मधोमध मिलिमीटर-दीड मिलिमीटर फुगीर राहिले तर कुऱ्हाड लाकडात रुतून बसत नाही, ढलपी उडवते. बाजारू कुऱ्हाड ओल्या लाकडात अडकते ती बहुधा सपाट गालांमुळे.

नेढं शेवटी नीट करा. सुंबा आधी खालून घाला, मग वरून, म्हणजे नेढं मध्यात अरुंद आणि दोन्ही तोंडांना जरा मोठं होईल. वर पाचर मारल्यावर दांडा त्या वरच्या रुंदीत फुलतो आणि डोकं निसटत नाही. सुंबा आत असतानाच तुंब्याचे गाल हलक्या हाताने ठोकून सारखे करा. तीन-चार घावांनी सुंबा काढून पाण्यात बुडवा. जास्त वेळ ठेवला तर नेढं त्याच्यावर आवळतं. मग नेढ्यात सरळ काठी घालून मागून एका डोळ्याने पाहा: धारेची रेघ नेढ्याच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. वाकडेपणा असेल तर गडद लालीला लाकडी ओंडक्यावर पात्याला टोला देऊन सरळ करा.

पाणी देणे

घडाईत पोलादाचा कण वाढलेला असतो. तो बारीक करायला कुऱ्हाड तीन वेळा तापवून वाऱ्याआड उघड्यावर निवू द्या: पहिल्यांदा केशरी, दुसऱ्यांदा जरा कमी, तिसऱ्यांदा गुंजेच्या वर थोडी. दर वेळी काळी पडेपर्यंत थांबा. हा टप्पा गाळून पाणी दिलेल्या कुऱ्हाडीची धार पहिल्याच गाठीवर खांडून जाते.

मग कानशीने आकार नीट करा, ओरखडे काढा. खोल ओरखड्यातूनच तडा सुरू होतो.

पाणी देताना धारेकडचा ५-६ सेंमी भागच तापवायचा. चुंबक जवळ ठेवा. तो चिकटेनासा झाला (साधारण ७७० अंश) की किंचित आणखी, बस्स. जास्त तापवलं तर धार जास्त कडक होत नाही, कण मोठा होऊन ठिसूळ होते. घमेल्यात नव्हे, निदान १५-२० लिटर पाणी मावेल अशा भांड्यात, हाताला कोमट लागेल असं पाणी घ्या. मीठ घातलेलं पाणी वाफेचा थर टिकू देत नाही, म्हणून जास्त झपाट्याने निववतं. कानशीच्या पोलादाला त्याची गरज नाही, तडे मात्र वाढतात.

धार सरळ खाली, ३ सेंमी बुडवा आणि कुऱ्हाड वर-खाली सेंमीभर हलवत ठेवा. एकाच पातळीवर स्थिर धरली तर पाण्याच्या रेषेवर चीर पडते. चार-पाच सेकंदांनी बाहेर काढा. पातं धारेशी काळं, मागे अजून लाल असतं. लगेच विटेच्या तुकड्याने एक गाल घासून उजळ करा आणि पाहत राहा. मागची उष्णता पुढे सरकते तसे रंग धारेकडे चालत येतात: आधी गव्हाच्या काडीचा पिवळा, मग सोनेरी, तपकिरी, जांभळा, निळा. धारेवर जांभळा येऊन निळ्याकडे झुकू लागला, म्हणजे २८० अंशांच्या आसपास, की सगळी कुऱ्हाड पाण्यात. विळ्याला सोनेरीवर थांबलं तरी चालतं; कुऱ्हाड आघाताचं हत्यार आहे, तिला तेवढी कडक ठेवली की तुकडे उडतात.

रंग फार वेगाने धावत आले तर मागे उष्णता जास्त राहिली होती. धार पुन्हा क्षणभर बुडवून त्यांना अडवा. मध्येच थांबले तर तुंब्याकडचा भाग विस्तवाजवळ धरा. पाण्यात 'टिक्' असा बारीक आवाज आला असेल तर घासून भिंगाने पाहा, तडा असतोच.

तपासायला आधी वरची अर्धा मिलिमीटर कातडी घासून टाका, तिच्यातला कार्बन भट्टीत उडालेला असतो. मग चांगली कानस धारेवर ओढा. ती चावली पाहिजे, पण कुरकुरत. सरसर चावली तर धार मऊ, नुसती घसरली तर कडक. वाळलेल्या बाभळीच्या गाठीवर वीसेक घाव घालून पाहा: धारेतून अर्धचंद्राकृती तुकडे गेले असतील तर पुन्हा उजळ करून निळ्यापर्यंत तापवा, धार वळली असेल तर पाणी पहिल्यापासून.

एकसंध कुऱ्हाड

सांधा टाळायचा असेल तर ईएन-८ किंवा ईएन-९ पोलादाचा (मध्यम कार्बनचं पोलाद) ५० × ३२ मिमी चौकोनी पट्टा, ११ सेंमी लांब घ्या. मागच्या टोकापासून दोन सेंमी सोडून, ३२ मिमीच्या बाजूच्या मधोमध, ३५ × ८ मिमी तोंडाच्या चपट्या सुंब्याने दोन्हीकडून भोक पाडा. पिवळा ताव, तीन-चार घाव, सुंबा पाण्यात, भोकात चिमूटभर कोळशाची भुकटी, पुन्हा घाव. भुकटी जळून गॅस होतो आणि सुंबा चिकटत नाही. मग नेढ्याचा सुंबा घालून गाल बाहेरून ठोकत भोक वाढवा. भोक तिरकं गेलं तर एक गाल जाड, एक पातळ होतो आणि पुढे कितीही ठोकलं तरी सुधारत नाही, तुकडा बदला.

कमान-पाट्याच्या एकसंध कुऱ्हाडीला पाणी द्यायचं ते तेलात. ८-१० लिटर तेल, ५०-६० अंश कोमट, लोखंडी भांडं, जवळ झाकण. पाण्यात पाटा तडकतो. वापरलेलं इंजिन ऑइल फुकट मिळतं, पण त्याचा धूर विषारी. साधं खाद्यतेल बरं. नंतरचं रंगावर उतरवणं तसंच, फक्त निळ्यापर्यंत न्या.

दांडा

धावडा सगळ्यात उत्तम, मग तिवस, मग बाभूळ. सहा महिने तरी सावलीत वाळलेलं लाकूड, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ, लांबी ७५ ते ९० सेंमी. दांडा नेढ्याच्या वर सेंमीभर काढा, त्यात उभी खाच घेऊन कोरड्या बाभळीची पाचर मारा. डोकं हललं की कुऱ्हाड पाण्यात भिजवून ठेवायची खोड अनेकांना असते. लाकूड फुगतं, दोन दिवस घट्ट वाटतं, वाळल्यावर तंतू दबलेले असल्याने आधीपेक्षा सैल होतं.

तुंब्याने पहार किंवा लोखंडी पाचर ठोकू नये. तो मुद्दाम मऊ ठेवलेला आहे, नेढं चेपतं.

धार दगडावर दोन्ही बाजूंनी मिळून २५ ते ३० अंशांची ठेवा, किंचित फुगीर. बोथट झाली की घासणं पुरतं. जाडच झाली की शेवटून घ्यायची, म्हणजे लाल करून धार पुन्हा ठोकून पातळ करायची आणि नव्याने पाणी द्यायचं. दर वेळी तीन-चार मिलिमीटर पोलाद जातं. घासलेल्या गालावर मऊ लोखंड आणि पोलाद यांच्या मधली रेघ दिसते: लोखंड फिकट, पोलाद गडद. ती रेघ धारेपासून सेंमीभरावर आली की पुढच्या वेळी शेवटू नका. धारेचा भाग छिन्नीने फोडा, तोंड उघडा आणि कानशीचा नवा तुकडा सांधा.